बातमी आणि नोंद : अर्नाळ्याच्या शिलालेखापासून व्हॉट्सॲपच्या गटापर्यंत

१/
जंजिरे अर्नाळ्याच्या उत्तर दरवाजावर एक मराठी शिलालेख आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : बाजीरावांनी शंकरास आज्ञा केली, की पाश्चात्त्यांचा पाडाव करून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधावा. आज्ञा कोणाची, काम कोणावर सोपवले, बांधायचे काय आणि कशासाठी, हे सारे मोजक्या ओळींत येते. पावणेतीनशेहून अधिक पावसाळे आणि खारा वारा सोसूनही तो मजकूर आज वाचता येतो.

तोच शिलालेख पाहायला निघालेल्या एखाद्या इतिहासप्रेमी गटाचा ‘रविवारी सकाळी विरार स्थानकावर भेटू’ हा संदेश मात्र सोमवारपर्यंत इतर शेकडो संदेशांखाली गाडला गेलेला असतो. आजचा धागा या दोन मजकुरांमधल्या अंतराविषयी आहे.

२/
छंदापोटी एकत्र आलेली माणसे एकमेकांना कसे कळवत आली? नवखा माणूस त्यांच्यात कसा शिरला? आणि त्या सगळ्यातून मागे काय उरले? या तीन प्रश्नांचा इतिहास आपल्या मुंबई-पुण्यातच जवळपास दीडशे वर्षांचा आहे.

वाचताना दोन शब्द ध्यानात असू द्यावेत : बातमी आणि नोंद. बातमी माणसे जमवते. नोंद जमलेल्यांचे काम टिकवते. समाजमाध्यमांनी बातमी अतिशय सोपी केली. नोंद करण्याचे कष्ट अजून आपल्यालाच घ्यावे लागतात, आणि ते न घेतल्यास काय हरवते, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

३/
प्रथम अर्नाळ्याची ओळख. विरारच्या पश्चिमेला, वैतरणा नदीच्या मुखाशी हे छोटे बेट आहे. पोर्तुगीज त्याला ‘गाईंचे बेट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. नदीच्या मुखावरून होणारी ये-जा जो राखेल, त्याच्या हाती उत्तर कोकणाच्या या भागातील व्यापाराची एक किल्ली राही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी बेट घेतले आणि किल्ला नव्याने बांधून काढला. बांधकाम करणाऱ्या बाजी तुळाजी याचे नाव शिलालेखामुळेच आपल्यापर्यंत पोहोचले. मे १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. पुढे जानेवारी १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने अर्नाळा जिंकला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला आणि १८१७ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला.

४/
आज तटाच्या आत त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे, त्याच्याजवळ गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे, दर्गा आहे. तटाबाहेर, बेटाच्या दक्षिण अंगाला एक एकटा बुरूज उभा आहे. आणि बेटावर नांदते गाव आहे : मच्छीमारांची घरे, वाळत घातलेली जाळी, कालिकामातेचे मंदिर. ‘अर्नाळा किल्ला’ ही स्वतंत्र ग्रामपंचायतच आहे.

म्हणजे अर्नाळ्याला जाणारा इतिहासप्रेमी ओसाड अवशेष पाहायला जात नाही. तो कोणाच्या तरी अंगणातून किल्ल्यात शिरतो. समाजमाध्यमावर आमंत्रण लिहिताना या गोष्टीचे भान सुटले, की काय होते ते पुढे पाहू.

५/
आता एक साधा प्रश्न. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेची इतकी बारीक माहिती आपल्याला मिळाली कशी?

मोहिमेतले सरदार पत्रांवर पत्रे लिहीत होते. आज मोर्चा कुठवर गेला, दारूगोळा किती उरला, कोण जखमी झाले, कोणाकडून मदत हवी. जासूद आणि काशीद ती पत्रे घेऊन धावत. ज्या दिवशी पत्र लिहिले, त्या दिवशी ती निव्वळ बातमी होती. पोहोचल्यावर ते वाचून फेकून दिले असते, तर तिथेच विषय संपला असता. पण पत्र दप्तरी लागले. बातमीची नोंद झाली.

६/
ते दप्तर पुण्यात राहिले. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील एक खंड वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. १९३७ मध्ये य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक आले.

लढाईच्या धामधुमीत लिहिलेला कागद जवळजवळ दोनशे वर्षांनी अभ्यासकाच्या हाती आला. मधल्या अनेक पिढ्यांतल्या अनाम कारकुनांनी तो बांधून, गुंडाळून, फडताळात ठेवला म्हणून. त्यांच्यातल्या कोणाला आपण इतिहास जपतो आहोत असे वाटले असेल का, कोण जाणे. ते आपले रोजचे काम करत होते.

७/
आता मोहिमेकडून मंडळांकडे वळू. राज्यकर्त्याला दप्तर असते. हौशी माणसांना कुठले?

१५ सप्टेंबर १८८३. मुंबईच्या भायखळ्यातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पशुपक्षी, झाडे, कीटक यांची आवड एवढाच त्यांना जोडणारा धागा होता. एकत्र जमावे, आपापली निरीक्षणे सांगावीत, गोळा केलेले नमुने दाखवावेत, असे ठरले. हीच ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’.

८/
तीनच वर्षांत, १८८६ मध्ये, या मंडळींनी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. बैठकीला जे मुंबईत हजर असतील तेवढ्यांनाच ऐकायला मिळत असे. नियतकालिकामुळे दूर एखाद्या जंगलात नेमणुकीवर असलेल्या सभासदालाही कळू लागले, आणि त्याचीही निरीक्षणे छापून येऊ लागली.

कळवणे आणि नोंदवणे ही दोन्ही कामे एकाच कागदाने केली. ते नियतकालिक आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या परिसरात कोणते पक्षी दिसत, हे आज शोधायचे तर त्या हौशी लोकांनी लिहिलेली टिपणे चाळावी लागतात.

९/
नवखा माणूस कसा येत असे? याच संस्थेतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९०८ च्या सुमारास एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मुलाचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी संस्थेचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलगा पुडीत पक्षी घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेला.

मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी चिमणी ओळखली, संग्रहाचे खण एकामागून एक उघडून पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

१०/
या प्रसंगात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली : दार उघडायला मामांची चिठ्ठी लागली. ज्याच्या घरात सभासद नाही, त्याला असे काही अस्तित्वात आहे हे कळण्याचीही सोय नव्हती. आज विक्रमगडच्या किंवा जव्हारच्या एखाद्या मुलीला अर्नाळ्याच्या अभ्याससहलीची माहिती कोणाच्याही शिफारशीवाचून मोबाइलवर मिळते. समाजमाध्यमांचे हे ऋण मोकळेपणाने मानले पाहिजे.

दुसरी : मुलगा टिकला तो चिठ्ठीमुळे नव्हे, उघडलेल्या खणांमुळे. दारात आलेल्याला आत नेऊन काहीतरी दाखवणारा, हाती काम देणारा माणूस तिथे होता.

११/
आता पुण्याकडे. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद शोधणारे. त्यांना ठाऊक होते, की कागद शोधणारा एकटा माणूस थकतो. शोधणाऱ्यांची वस्ती व्हावी लागते.

मंडळाने पाक्षिक सभांचा प्रघात पाडला. सभेत कोणी एखादे पत्र वाचे, कोणी ताम्रपट दाखवी, कोणी नाण्यावर बोले. आणि मग, हे फार महत्त्वाचे, या साऱ्याचे वृत्त छापले जाई. वार्षिक इतिवृत्ते निघाली, संमेलनवृत्ते निघाली, पुढे त्रैमासिक आले.

१२/
त्या इतिवृत्तांतला मजकूर आज चाळला तर रुक्ष वाटेल. अमुकाने अमुक गावच्या अमुक घराण्याचे दप्तर पाहिले, त्यात इतके कागद, त्यांतला हा एक. मोठे विचार नाहीत, अलंकारिक भाषा नाही.

पण विचार करा. ज्या वाड्यातले ते दप्तर होते तो वाडा कदाचित पडला असेल, कागदांना वाळवी लागली असेल. इतिवृत्तातल्या चार ओळी मात्र उरल्या. मंडळाच्या सभासदाला ‘गेल्या सभेत काय झाले’ हे कळावे म्हणून लिहिलेला मजकूर शंभर वर्षांनी इतिहासाचे साधन बनला. पेशवे दप्तरातल्या पत्रांचे जे झाले, तेच इथेही झाले.

१३/
डोंगर-किल्ल्यांची भटकंती करणाऱ्या संस्थांचा काळ त्यानंतरचा. १९५० च्या दशकात मुंबईत ‘गिरिविहार’ आली, १९८० च्या दशकात पुण्यात ‘गिरिप्रेमी’ आली, आणि शहरोशहरी लहान-मोठे गट उभे राहिले.

कळवण्याची साधने त्या काळाला साजेशी होती. पोस्टकार्ड, एखाद्या दुकानाबाहेरचा किंवा महाविद्यालयातला फळा, वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरातली एक ओळ. पोस्टकार्डाला एक मर्यादा होती आणि तीच त्याची शिस्तही होती : जागा इतकी थोडी, की तारीख, वेळ, ठिकाण आणि वर्गणी यांशिवाय दुसरे काही मावतच नसे.

१४/
मग आंतरजाल आले. डोंबिवलीच्या ‘ट्रेक क्षितिज’ संस्थेने किल्ल्यांची माहिती आणि नकाशे संकेतस्थळावर मांडले. तिचा उपयोग न केलेला भटका विरळाच. २००४ मध्ये ऑर्कुट सुरू झाले आणि किल्ल्यांच्या नावांनी समूह फुलले. रोमन लिपीतल्या मराठीत का होईना, पण कधीही न भेटलेली माणसे एकमेकांना वाटा सांगू लागली.

३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. सार्वजनिक चर्चांची प्रत कंपनीने आणखी काही काळ ठेवली, मग तीही गेली. याहू ग्रुप्सचेही २०२० मध्ये तेच झाले. ज्यांनी आपली टिपणे उतरवून घेतली नव्हती, त्यांची ती वर्षे हरवली.

१५/
हा मुद्दा नीट समजून घ्यावा. १९१० च्या दशकातल्या पाक्षिक सभेत काय झाले, हे आज ग्रंथालयात जाऊन सांगता येते. २००८ मध्ये एखाद्या भटक्या गटाने कोणत्या किल्ल्यावर काय पाहिले, हे मात्र त्याच गटातल्या माणसांच्या आठवणीवर सोडावे लागते.

जवळचा काळ अंधारात आणि दूरचा उजेडात, अशी ही उलटी स्थिती. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप हेही कोणाच्या तरी मालकीचे फळे आहेत. फळा लिहिण्यासाठी उत्तम असतो. दप्तर ठेवण्यासाठी कोणी फळा वापरत नाही.

१६/
मग समाजमाध्यम वापरायचे कसे? पहिली पायरी : सभासद आणि नवखे यांच्या गरजा वेगळ्या आहेत हे मान्य करणे.

सभासदाला अचूक सूचना हवी. किती वाजता, कुठे, होडीची वेळ काय, कार्यक्रम रद्द झाला तर कळणार कसे. नवख्याला आधी ओढ वाटायला हवी : हा किल्ला काय आहे, तिथे का जायचे, मला कोणी ओळखत नसताना मी येऊ शकतो का.

दोन्ही मजकूर एकाच गटात ओतले, की सभासदाची सूचना सुप्रभात संदेशांत बुडते आणि नवख्याला आतल्या थट्टामस्करीतले काहीच कळत नाही. शिवाय व्हॉट्सॲप गटात नव्याने आलेल्याला आधीचे संदेश साधारणतः दिसत नाहीत. तो कोऱ्या पाटीसमोर उभा असतो.

१७/
म्हणून तीन जागा वेगळ्या ठेवणे सोयीचे पडते.

पहिली, केवळ सूचनांची. तिथे संचालकांखेरीज कोणी लिहू नये. २०१८ पासून व्हॉट्सॲपवर तशी सोय आहे. महिन्याला चार-पाचच संदेश आले, तर प्रत्येक संदेश वाचला जातो.

दुसरी, गप्पांची. शंका, छायाचित्रे, वाद, सारे तिथे.

तिसरी, सर्वांसाठी खुली : फेसबुकचे पान, इन्स्टाग्राम, असे धागे. तिथे किल्ल्याची गोष्ट सांगावी आणि पुढच्या भेटीचे आमंत्रण द्यावे. ‘पहिल्यांदाच येणाऱ्यांचे स्वागत आहे’ हे एक वाक्य स्पष्ट लिहावे. अनोळखी माणूस याच वाक्याची वाट पाहत असतो.

१८/
अर्नाळ्याच्या भेटीची सूचना कशी असावी? पोस्टकार्डाची शिस्त आठवा. वार आणि तारीख दोन्ही. विरार स्थानकाच्या कोणत्या बाजूला भेटायचे. होडीची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरली आहे का. पाण्यात पाय भिजतील का. परत कधी. खर्च किती. सोबत कोण अनुभवी आहे.

आणि ऋतू. १ जूनपासून सुमारे दोन महिने राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते. दर्या खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची रीत का पडली, हे किनाऱ्यावरची माणसे सांगतील. त्या दिवसांत ‘मान्सून स्पेशल अर्नाळा’ अशी जाहिरात करणारा गट इतिहासप्रेमी म्हणवून घेऊ शकत नाही.

१९/
आता बातमीची दुसरी बाजू. गोष्ट आकर्षक करण्याच्या नादात ती खोटी होऊ शकते. अर्नाळ्याबद्दल एक वाक्य सर्रास फिरते : ‘१५१६ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने हा किल्ला बांधला.’

जरा थांबून तपासा. महमूद बेगडा नोव्हेंबर १५११ मध्ये मरण पावला. १५१६ मध्ये गुजरातच्या गादीवर त्याचा मुलगा मुजफ्फरशाह दुसरा होता. म्हणजे साल तरी चुकले आहे, नाहीतर नाव तरी. मेलेला सुलतान पाच वर्षांनी किल्ला बांधत नाही! तरीही वाक्य पुढे ढकलले जाते, कारण त्याला उगम जोडलेला नसतो. उगम नसेल तर तपासणार तरी काय?

२०/
यावर उपाय साधा आहे. गटाच्या पानावर किल्ल्याचा इतिहास टाकताना प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतले हे लिहावे : शिलालेख, १८८२ चे ठाणे जिल्हा गॅझेटियर, पेशवे दप्तर, की गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवण. आठवण असेल तर ‘आठवण’ असेच म्हणावे. तिला कमीपणा नाही.

असे लिहिले की आणखी एक गोष्ट घडते. चिकित्सक वाचक आपसूक जवळ येतो. ‘हे साल बरोबर वाटत नाही’ असे लिहिणारा अनोळखी माणूस गटाचा भावी सभासद असतो. त्याला उत्तर द्या, सहलीला बोलवा. मिलार्डसाहेबांनी पुडीतल्या चिमणीला उत्तर दिले, तसे.

२१/
गर्दीचा प्रश्नही टाळता येणार नाही. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे ‘आयएनएस अर्नाळा’ ही पाणबुडीविरोधी युद्धनौका नौदलात दाखल झाली. तिचे नाव याच किल्ल्यावरून आले आहे. पुढच्याच महिन्यात, ११ जुलै रोजी, मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अर्नाळा त्या यादीत नाही, पण किल्ल्यांविषयीचे कुतूहल सगळीकडे वाढले.

असे कुतूहल ही संधी असते. एका चित्रफितीने पाचशे माणसे एका रविवारी बेटावर उतरवणे मात्र सोपे आहे. त्या पाचशेंचा कचरा, आवाज आणि अंगणातून होणारी वर्दळ गावाने सोसायची असते. आमंत्रणातच संख्या ठरवा आणि गावात आधी विचारा.

२२/
आलेल्या पंचवीस जणांना काम द्या. वसई-विरारच्या परिसरात ‘किल्ले वसई मोहीम’सारखे गट श्रमदान आणि अभ्याससहली करत आले आहेत, आणि श्रमदानातला अनुभव हेच सांगतो, की ज्याने एकदा तटावरचे रान काढले तो पुन्हा येतो.

शारीरिक कामच हवे असे नाही. एकाने प्रत्येक बुरुजाचे ठरावीक जागेवरून, ठरावीक दिशेने छायाचित्र घ्यावे. दुसऱ्याने शिलालेखाचे वाचन वहीत उतरवून छापील वाचनाशी ताडून पाहावे. तिसऱ्याने गावातल्या एखाद्या आजींकडून जुन्या होड्यांची नावे विचारून घ्यावीत. हे आपले उघडलेले खण.

एक खबरदारी : जुने नाणे किंवा वस्तू सापडल्यास तिचे ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार असा शोध जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो.

२३/
आणि शेवटी इतिवृत्त. प्रत्येक भेटीनंतर एक पान पुरे. तारीख, किती जण आले, काय पाहिले, मागच्या वेळेपेक्षा काय बदलले, कोणता प्रश्न सुटला, कोणता नवा पडला. सहभागींचे दूरध्वनी क्रमांक किंवा खासगी तपशील त्यात नकोत.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवली की ती आक्रसतात आणि त्यांत दडलेली वेळ-स्थळाची माहिती गळून पडते. मूळ छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा आणि नावातच तारीख व जागा लिहा : ‘उत्तर दरवाजा, आतून’. उद्या तटाचा एखादा भाग ढासळला, तर तो कधीपासून खचत होता हे सांगणारा पुरावा याच छायाचित्रांत असेल.

२४/
हे सारे एका माणसाच्या मोबाइलवर राहू नये. संचालक बदलतो, नोकरीसाठी परगावी जातो, संकेतशब्द विसरतो. आणि दहा वर्षांचा गट एका दिवसात मुका होतो. दोघातिघांकडे प्रती असाव्यात. वर्षाच्या अखेरीस बारा पाने छापावीत, बांधावीत आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात द्यावी. हा खर्च एका सहलीच्या नाश्त्याहून जास्त नाही.

शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक आपल्या काळाविषयी लिहू लागेल. एकविसाव्या शतकातले तरुण सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांवर का जात, तिथे काय करत, त्यांनी काय वाचवले आणि काय गमावले, हे त्याला जाणून घ्यायचे असेल. अर्नाळ्याच्या दरवाजावरचा शिलालेख त्याला बहुधा वाचता येईल. आपले त्याला काय वाचता येईल, ते आपण या वर्षी बांधलेल्या बारा पानांवर अवलंबून आहे.

आपल्या गटाची जुनी सूचनापत्रके, पोस्टकार्डे, हस्तलिखिते घरात पडून असतील तर आज शोधा, त्यांवर साल लिहा आणि जपून ठेवा. धागा समाप्त.